तुंबलेल्या गटाराची तक्रार कशी करावी

कोल्हापूरच्या शिवाजी पेठ किंवा मंगळवार पेठेतील दाट वस्तीत गटार तुंबले की सांडपाणी थेट उंबऱ्याशी येते, म्हणून त्याची तक्रार वळवाचे पाऊस सुरू होण्याआधीच करावी.

प्रथम तुंबलेल्या जागेची छायाचित्रे सकाळच्या उजेडात, ओळखीची खूण दिसेल अशी घ्यावीत. त्यानंतर महानगरपालिकेच्या आपल्या विभागीय कार्यालयाच्या नावे अर्ज लिहावा. त्यात गल्ली, जवळची तालीम किंवा देऊळ, पाणी किती दिवसांपासून साचले आहे आणि कोणत्या घरांना त्रास होतो एवढेच नेमके मांडावे. रागाने लिहिलेले चार परिच्छेद कोणी वाचत नाही, मात्र वीस शेजाऱ्यांच्या सह्या असलेला अर्ज सहसा बाजूला पडत नाही. सह्यांसाठी संध्याकाळी तालमीच्या कट्ट्यावर बसावे, कारण त्या वेळी सगळी गल्ली तिथे भेटते. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय कार्यालय सोडू नये, हे मी आग्रहाने सांगतो.

पंधरा दिवसांत काम झाले नाही, तर माहिती अधिकार कायदा, 2005 अन्वये दहा रुपये शुल्क भरून अर्जावर काय कार्यवाही झाली ते विचारावे. उत्तरासाठी 30 दिवसांची मुदत असते.

गाळ काढल्यावर तो गटाराच्या काठावरच ठेवला जातो आणि पहिल्या सरीत पुन्हा आत जातो, म्हणून तो त्याच दिवशी उचलून नेण्याची मागणी मूळ अर्जातच लिहावी.