सेकंडहँड लक्झरी सेडान घेताय? रिकॉल आणि रिलायबिलिटी बघताना या चुका टाळा

नवी असताना पन्नास लाखाच्या घरात असलेली बीएमडब्ल्यू ५२०डी किंवा मर्सिडीजची ई-क्लास आठ-दहा वर्षांनी नव्या क्रेटाच्या पैशात मिळते, त्यामुळे मोह होतोच, आणि व्हायलाही हरकत नाही, गाड्या खरंच भारी आहेत. घोळ एवढाच की गाडीची किंमत पडते, तिच्या पार्टची पडत नाही. एअर सस्पेन्शनची बॅग, इंजेक्टर, गिअरबॉक्सचा मेकॅट्रॉनिक (गिअर बदलणारं कंट्रोल युनिट) हे सगळं पन्नास लाखाच्या गाडीच्याच भावात येतं. आणि बघायला जाणारी मंडळी काय बघतात, तर रंग, सनरूफ आणि सीटचं लेदर.

रिकॉल आणि रिलायबिलिटी एकच समजणं

ही सगळ्यात कॉमन आणि सगळ्यात महागात जाणारी चूक. एक गट म्हणतो "त्या मॉडेलला रिकॉल आला होता ना, मग नको", दुसरा म्हणतो "हिला एकही रिकॉल नाही, बिनधास्त घ्या". दोघांचंही चुकतंय. रिकॉल म्हणजे दोष निघाल्यावर कंपनीने गाड्या परत बोलावणं, आणि तो येतो मुख्यतः सेफ्टीच्या (कधी प्रदूषणाच्या) दोषासाठी आणि त्याचं काम कंपनी फुकट करून देते. जे फक्त तुमचा खिसा रिकामा करतं पण कुणाच्या जिवावर बेतत नाही, ते रिकॉलमध्ये सहसा येतच नाही.

५२०डीचंच बघा. २०१८ च्या उन्हाळ्यात दक्षिण कोरियात बीएमडब्ल्यूच्या डिझेल गाड्यांना चालता चालता आगी लागायला लागल्या, त्यात ५२०डी सगळ्यात जास्त होत्या. कारण निघालं ईजीआर कूलर, म्हणजे इंजिनात परत फिरवायचा धूर थंड करणारा भाग. त्यातून कूलंट झिरपायचं, आत साचलेल्या काजळीत मिसळायचं आणि एक्झॉस्टच्या उष्णतेने ते पेटायचं. तिथे एक लाखाच्या वर गाड्या परत बोलावल्या, तपासणी न केलेल्या गाड्या रस्त्यावर आणायला सरकारने बंदी घातली, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरपर्यंत जगभरचा आकडा १६ लाखांवर गेला. आता ज्या गाडीचा ईजीआर कूलर रिकॉलमध्ये बदललाय ती गाडी वाईट का? उलट बरी, फुकटात नवा पार्ट बसलाय.

त्याच कुटुंबातल्या एन४७ या जुन्या डिझेल इंजिनाची टायमिंग चेन (इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडायला लावणारी साखळी) मात्र वेगळी गोष्ट. ही चेन पुढे नाही, मागे गिअरबॉक्सच्या बाजूला आहे, त्यामुळे ती बदलायची म्हणजे गिअरबॉक्स किंवा अख्खं इंजिन खाली. चेन ताणली किंवा तुटली तर इंजिन गेलं. यासाठी ईजीआरसारखा जगभर गाजावाजा झाला नाही, कुणाला कंपनीकडून गुडविलमध्ये, म्हणजे सद्भावनेपोटी, थोडं मिळालं, बाकीच्यांनी स्वतः भरले. म्हणजे रिकॉलचा कागद एकदम स्वच्छ आणि तरी इंजिन उघडायची वेळ, असं सहज होऊ शकतं.

म्हणून दोन प्रश्न वेगळे ठेवा. या चेसिस नंबरवर रिकॉलचं काम बाकी आहे का? आणि या इंजिन-गिअरबॉक्सचं नेहमीचं दुखणं काय? पहिल्याचं उत्तर कंपनीकडे मिळतं, दुसऱ्याचं फक्त जर्मन गाड्यांवर काम करणाऱ्या मेकॅनिककडे.

अमेरिकन वेबसाइटवर चेक करून खूश होणं

गुगल केलं की पहिली येते ती एनएचटीएसएची, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी संस्थेची साइट. सतरा अक्षरी चेसिस नंबर टाका, ओपन (म्हणजे काम बाकी असलेले) रिकॉल दाखवते, साइट उत्तम आहे, पण ती अमेरिकेत विकलेल्या गाड्यांसाठी आहे. आपल्याकडची मर्सिडीज चाकणला जोडली जाते, बीएमडब्ल्यू चेन्नईजवळ, ऑडी संभाजीनगरच्या शेंद्र्यात, आणि तिथे आपला नंबर टाकून काही दिसलं नाही तर त्याचा अर्थ "रिकॉल नाही" असा होत नाही, फक्त "त्यांच्या यादीत ही गाडी नाही" एवढाच होतो.

रिलायबिलिटीच्या अमेरिकन रेटिंगचंही तेच. ती बहुतेक पेट्रोल गाड्यांवरून आलेली असतात आणि आपल्याकडे त्या वर्षांतल्या सेडान बघितल्या तर ५२०डी, ई२२०, ए६ ३५ टीडीआय, सगळा डिझेलचा बाजार. इंजिनच वेगळं तर ते स्टार घेऊन करायचं काय?

आपल्याकडे वाहन कंपन्यांच्या संघटनेने, सियामने, २०१२ पासून ऐच्छिक रिकॉलची पद्धत सुरू केली आणि त्यांच्या साइटवर त्याची माहिती असते. कायद्याने सक्ती आली १ एप्रिल २०२१ पासून, दोष निघाला आणि ऐकलं नाही तर कंपनीला १० लाखांपासून १ कोटीपर्यंत दंड. पण ही सक्ती सात वर्षांच्या आतल्या गाड्यांना आहे. तुम्ही बघताय ती दहा वर्षांची असेल तर सरकारच्या भरवशावर राहू नका, स्वतः विचारा. कंपन्या जुन्या गाड्यांचंही बाकी काम सहसा फुकट करून देतात, विचारणारा लागतो.

रिकॉलचं पत्र आलं असतं तर मालकाला कळलं असतं, असं धरून चालणं

पत्र किंवा मेसेज जातो कंपनीकडे नोंदलेल्या मालकाला, आणि गाडी दोनदा विकली गेली असेल तर तो बहुतेक पहिलाच मालक असतो. तिसऱ्या मालकाला काही माहीत नसतं आणि तो खोटंही बोलत नसतो बिचारा.

करायचं असं. आरसीवरचा चेसिस नंबर घ्या, काचेखालून दिसणारा आणि बॉडीवर कोरलेला नंबर त्याच्याशी अक्षर-अक्षर जुळवा. सतरा अक्षरं असतात आणि त्यात इंग्रजी आय, ओ, क्यू कधीच नसतात, तर तसं काही दिसलं तर एक आणि शून्य वाचताना गडबड झालीये (किंवा नंबरातच काहीतरी काळं आहे). मग मालकाला बरोबर घेऊन ऑथोराइज्ड सर्व्हिस सेंटरला जा. परक्याला हिस्ट्री देत नाहीत, मालकाने मागितली तर देतात. तोंडी "क्लिअर आहे सर" वर भागवू नका, ओपन रिकॉल किंवा कॅम्पेनची स्थिती आणि झालेल्या कामांची यादी प्रिंट किंवा ईमेलवर मागा. मालक यायला टाळाटाळ करत असेल तर गाडी सोडा, यात वाद घालण्यासारखं काही नाही.

२०००-२०१० च्या काळातली स्वस्तातली जुनी थ्री सिरीज किंवा अकॉर्ड बघत असाल तर टाकाटा या जपानी कंपनीच्या एअरबॅगचं नक्की विचारा. त्यातला अमोनियम नायट्रेट उष्ण आणि दमट हवेत वर्षानुवर्षं राहून खराब होतो आणि एअरबॅग उघडताना धातूचे तुकडे उडतात. मुंबई, कोकण, गोव्यात वाढलेल्या गाडीला याहून वाईट हवा कुठली मिळणार? बीएमडब्ल्यूने तर २०२३ मध्ये अमेरिकेत २००० ते २००६ च्या काही गाड्यांच्या मालकांना थेट "चालवूच नका" सांगितलं. आणि इग्निशन ऑन केल्यावर एअरबॅगचा दिवा पेटून विझायला हवा. पेटतच नसेल तर कुणीतरी तो मारून ठेवलाय.

मीटर आणि सर्व्हिस बुकचे शिक्के बघून भुलणं

मीटर मागे करणं आता लॅपटॉपचं काम आहे. पण या गाड्यांत किलोमीटर एकाच जागी साठत नाहीत, ते बऱ्याच मॉड्यूलमध्ये नोंदले जातात आणि जुन्या बीएमडब्ल्यूंत तर चावीतसुद्धा. म्हणून साधा ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर नको, त्या त्या गाडीचं तपासणीचं सॉफ्टवेअर, म्हणजे बीएमडब्ल्यूला इस्टा, मर्सिडीजला झेंट्री, ऑडीला व्हीसीडीएस किंवा ओडिस असलेला माणूस गाठा. जुन्या फॉल्टच्या फ्रीझ फ्रेममध्ये (फॉल्ट आला त्या क्षणाच्या नोंदीत) तो फॉल्ट किती किलोमीटरला आला ते असतं. डॅशवर ६२ हजार आणि फॉल्ट एक लाख दहा हजारला, मग बोलायचं काय राहिलं!

स्कॅन एकदम कोरा आला तर जास्त संशय घ्या. आदल्या दिवशी कोड क्लिअर केले असतील तर रेडिनेस मॉनिटर (गाडीच्या स्वतःच्या चाचण्या पूर्ण झाल्या का ते सांगणारे) "अपूर्ण" दाखवतात. तीस-चाळीस किलोमीटर फिरवून पुन्हा स्कॅन करा.

गरम इंजिनवर टेस्ट ड्राइव्ह

डीलर म्हणतो "या, गाडी काढून ठेवतो". नको. बॉनेटला हात लावून थंड आहे का बघा आणि स्टार्ट तुमच्यासमोर होऊ द्या. यापुढचं मात्र नीट लक्षात ठेवा.

थंड स्टार्टला मागच्या बाजूने, म्हणजे केबिनच्या भिंतीकडून खडखड आली तर एन४७ ची चेन. कूलंट कमी होतंय पण खाली एक थेंब नाही, तर ईजीआर कूलर आधी बघा. सकाळी गाडीचा एक कोपरा बसलेला दिसला तर एअर सस्पेन्शनची बॅग लीक आहे, आणि असं चालवत राहिलं की कॉम्प्रेसरही जातो. २००९ ते ११ च्या मर्सिडीज डिझेलमध्ये ओएम६५१ इंजिनाला डेल्फीचे पिएझो इंजेक्टर होते, त्यांनी खूप लोकांना रडवलंय, बदलल्याचं बिल मागा. त्याच काळातली ऑडी ए४ पेट्रोल टर्बो ऑइल पिते, पिस्टन रिंगचा दोष, तर दोन सर्व्हिसच्या मध्ये किती टॉप-अप झालं ते विचारा.

गिअरबॉक्सचं एक मिथक आहे, "लाइफटाइम ऑइल आहे, बदलायची गरज नाही". बीएमडब्ल्यूला आठ गिअरचा बॉक्स पुरवणारी झेडएफ स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरला ऑइल बदलायला सांगते. लाखावरची गाडी आणि ऑइलचं बिल नाही, तर तो खर्च भावातून कापा. डीला टाकताना झटका किंवा हळू चालताना धक्के असतील तर कापूनही घेऊ नका.

कागद आणि पाणी

पुराची गाडी ओळखायला सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा, टोकाला चिखलाचा डाग असेल. सीटखालचे बोल्ट, स्टेपनीच्या जागेचा खड्डा आणि कार्पेटखालची फोम हात घालून बघा. या गाड्यांत सीटखाली आणि डिकीत इलेक्ट्रॉनिक्स भरलेलं असतं, ते भिजलं की आजार कायमचा. केबिनमध्ये परफ्यूमचा मारा असेल तर का केलाय ते विचारा. मागची इन्शुरन्स पॉलिसीही मागा, नो क्लेम बोनस शून्य असेल तर आदल्या वर्षी क्लेम झाला असू शकतो, झाला असेल तर कशाचा ते कळलंच पाहिजे.

दिल्लीच्या जुन्या डिझेल स्वस्त का, तर तिथे २०१५ पासून दहा वर्षांवरच्या डिझेलवर कोर्टाची टांगती तलवार आहे. घ्या हवं तर, पण एनओसी आणि इथला रोड टॅक्स धरून हिशोब करा. पुदुच्चेरीच्या नंबरचंही तेच. गाडी एखाद्या कंपनीच्या नावावर असेल तर फॉर्म २९ आणि ३० वर (मालकी बदलाचे फॉर्म) सही कुणी करायची याचा ठराव कंपनीकडून घ्या, आणि लोन असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ (आरसीवरची कर्जाची नोंद काढायचा) हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.

आरसी नावावर झाली की त्याच आठवड्यात सर्व्हिस सेंटरला जाऊन सिस्टीममध्ये तुमचं नाव, मोबाइल आणि पत्ता बदलून घ्या. नाहीतर पुढच्या रिकॉलचा मेसेजही जुन्या मालकालाच जाईल.