पल्पोटॉमीत लेझर घ्यायचाय? आधी हे वाचा

पेडोडॉन्टिक्सच्या (लहान मुलांच्या दातांच्या शाखेच्या) एमडीएसला, म्हणजे दंतवैद्यकाच्या पदव्युत्तर शिक्षणाला, लागलेले ज्युनिअर थीसिसचा विषय शोधू लागले की एकदा तरी विचारतात, पल्पोटॉमीत लो-लेव्हल, म्हणजे कमी शक्तीचा, लेझर घेऊ का? (पल्पोटॉमी म्हणजे किडलेल्या दुधाच्या दाढेतला वरचा पल्प, आतला मऊ जिवंत भाग, काढून मुळांतला वाचवणं.) जरूर घ्या. पण त्याआधी लेझरशिवाय पल्प वाचवायला शिका.

आपल्या नागपुरात ओपीडीला काटोल, उमरेड, सावनेरहून लेकरं येतात. "दाढ किडली, रात्रभर ठणकते," आई सांगते. त्यातला 'रात्रभर' नीट ऐका. झोपेतून उठवणारा ठणका, हिरडीवर पुळी, एक्स-रेमध्ये मुळांच्या मध्ये काळी छटा, यातलं काहीही असेल तर ती केस पल्पोटॉमीची नाही. मेलेला पल्प कुठल्याच लेझरने जिवंत होत नाही. गोड खाल्लं की कळ येते आणि लगेच थांबते, अशी दाढ निवडा.

खरी परीक्षा पुढे आहे. रबर डॅम (दाढ लाळेपासून वेगळी ठेवणारा रबरी पडदा) लावून वरचा पल्प काढला की मुळांच्या तोंडाशी लाल ठिपके दिसतात. त्यावर ओला कापूस हलकेच दाबून काही मिनिटं थांबा, घाई करू नका. कापूस उचलल्यावर रक्त थांबलेलं असेल तर पुढे चला. गडद रक्त पुन्हा भरून येत असेल तर सूज मुळांत उतरली आहे असं समजा आणि प्लॅन बदला. हे ओळखणारी नजर सिनियरच्या खुर्चीशेजारी उभं राहूनच येते, म्हणून पहिले काही महिने तिथेच काढा.

आता लेझर. या पद्धतीत तो कापत नाही, जाळतही नाही. साधारण 600 ते 1000 नॅनोमीटरचा प्रकाश पेशींच्या मायटोकॉन्ड्रियातलं सायटोक्रोम सी ऑक्सिडेज हे एन्झाइम शोषून घेतं, एटीपी (पेशीचं इंधन) वाढतं आणि सूज उतरायला मदत होते, असं त्यामागचं मुख्य स्पष्टीकरण आहे. बुडापेस्टच्या एन्द्रे मेस्टर यांनी 1967 मध्ये उंदरांवर काम करताना कमी शक्तीच्या लेझरने केस लवकर वाढलेले पाहिले, तिथून हा विषय सुरू झाला.

डोस कमी पडला तर परिणाम नाही, जास्त झाला तर उलटा परिणाम. 100 मिलीवॅट 20 सेकंद दिला की 2 ज्यूल होतात. तेच अर्ध्या चौरस सेंटिमीटरवर पडले तर दर चौरस सेंटिमीटरला 4 ज्यूल. पुष्कळ प्रबंधांत नुसते ज्यूल लिहून सोडून देतात, लेझरच्या टिपचं (टोकाचं) क्षेत्रफळ नाही, दाढेपासूनचं अंतर नाही. मग तो प्रयोग दुसऱ्याने करायचा कसा? पडद्यावरचा आकडाही खरा धरू नका, टिपपाशी पॉवर मीटरने मोजा. त्या तरंगलांबीचे गॉगल डॉक्टर, असिस्टंट आणि मूल, तिघांनाही हवेतच.

लेझरनंतर एमटीए किंवा बायोडेंटिन (पल्पवर बसवायची सिमेंटं) आणि वर स्टील क्राउन, म्हणजे स्टीलची टोपी. एमटीए नीट बसलं तर निकाल मुळातच इतके चांगले येतात की लेझरचा वेगळा फायदा दाखवायला बरेच पेशंट लागतात. सॅम्पल साइज ठरवायला स्टॅटिस्टिशियनकडे सिनॉप्सिसच्या (थीसिसच्या आराखड्याच्या) आधीच जा. सीटीआरआय (क्लिनिकल ट्रायल्सची भारतीय नोंदवही) नोंदणी पहिला पेशंट घेण्याआधी व्हायला हवी, 2018 पासून ती मागाहून होत नाही.

आणि फॉलोअप मे महिन्यात येऊ देऊ नका. त्या उन्हात बाहेरगावचं कोणी लेकरू घेऊन येत नाही, शिवाय मुलं मामाच्या गावी असतात. तारीख मेमध्ये पडणार नाही अशा बेताने केसेस घ्या, आणि घरचे दोन मोबाइल नंबर लिहून ठेवा.