सीबीडी तेल घ्यायचंय? आधी बाटली उलटी करून लेबल वाचा

सांगलीहून मावशीचा फोन, "तुमच्याकडं अमेरिकेत ते गांजाचं तेल मिळतंय म्हणे, गुडघ्याला पाठव की एक बाटली." मी इकडे न्यू जर्सीत फार्मसीत कामाला, त्यामुळे हा प्रश्न मला सतत येतो, कोणाला गुडघा, कोणाला झोप, कोणाला टेन्शन. दरवेळी तेच सांगून कंटाळले म्हणून एकदाच लिहून टाकते.

पहिली शंका सगळ्यांची एकच, चढतं का? नाही चढत. गांजाच्या झाडात टीएचसी आणि सीबीडी दोन्ही असतात आणि नशा येते ती टीएचसीमुळे. आपल्या मेंदूत सीबी वन नावाचे रिसेप्टर असतात, टीएचसी तिथे कुलपात किल्ली बसावी तसं बसतं. सीबीडी तिथे नीट बसतच नाही, उलट त्या कुलपाचा आकार जरासा बदलतं. ही कुलपं काय गांजासाठी बनलेली नाहीत बरं का, आपलं शरीर स्वतःच त्यांची किल्ली बनवतं. १९९२ साली त्यातली एक सापडली आणि शास्त्रज्ञांनी तिचं नाव ठेवलं आनंदामाइड, आपल्या संस्कृतातल्या आनंदावरून! हे आनंदामाइड शरीरात पटकन मोडून जातं, सीबीडी ते मोडणं थोडं लांबवत असावं असं मानतात. शिवाय सीबीडी सेरोटोनिनच्या (हे मेंदूतलं मूडशी संबंधित रसायन) एका रिसेप्टरवर काम करतं आणि मिरची खाल्ल्यावर जीभ ज्या रिसेप्टरमुळे भाजते त्याच्यावरसुद्धा. थोडक्यात एकच बटण नाही, बरीच बटणं आहेत आणि सगळी हलकी दाबली जातात, म्हणूनच नक्की कशाने काय झालं हे सांगणं अवघड जातं.

आता उपयोग. पक्का पुरावा आहे तो लहानपणी सुरू होणाऱ्या काही अवघड फिट्सच्या आजारांसाठी, एपिडिओलेक्स नावाचं सीबीडीचं औषध अमेरिकेत २०१८ मध्ये मंजूर झालं ते ड्रॅव्हे आणि लेनॉक्स-गॅस्टॉ सिंड्रोमसाठी. तिथे डोस वजनावर, म्हणजे २० किलोच्या पोराला सुरुवातच दिवसाला १०० मिलिग्रॅमने. टेन्शनवर ब्राझीलमध्ये प्रयोग झाले, लोकांना भाषण करायला लावून, त्यातल्या एकात ३०० मिलिग्रॅमने भीती कमी झाली, १५० ने नाही आणि गंमत म्हणजे ६०० नेही नाही. आणि दुकानातली गमी, म्हणजे सीबीडीची चघळायची गोळी, किती मिलिग्रॅमची असते? बऱ्याचदा १०. म्हणजे प्रयोगातला डोस गाठायला ३० गम्या खाव्या लागतील (खाऊ नका!!). माझं स्पष्ट मत, दुकानातलं सीबीडी घेऊन बरं वाटलं म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना नुसत्या विश्वासानेच बरं वाटतं.

तरी घ्यायचंच असेल तर बाटली उलटी करून लेबल वाचा. "हेम्प सीड ऑइल" लिहिलं असेल तर ते गांजाच्याच जातीच्या झाडाच्या बियांचं तेल, खायला छान, पण त्यात सीबीडी जवळपास नसतंच आणि लोक नेमकं तेच महागात घेऊन येतात. मग सीबीडी एकूण किती मिलिग्रॅम आहे ते बघा. समजा ३० मिलीच्या बाटलीत ९०० मिलिग्रॅम आहे, तर एका मिलीत ३०, आणि ड्रॉपर बहुतेक एक मिलीचा असतो म्हणजे पाव ड्रॉपर साडेसात मिलिग्रॅम. थेंब मोजत बसू नका, ड्रॉपरवरच्या रेषा बघा. "फुल स्पेक्ट्रम" असेल तर त्यात थोडं टीएचसी असतं, नोकरीत ड्रग टेस्ट असेल तर ते नकोच, आयसोलेट, म्हणजे नुसतं सीबीडी असलेलं, बघा. आणि बाहेरच्या लॅबचा रिपोर्ट त्याच बॅचचा मागा, कारण २०१७ मध्ये ऑनलाइन विकत घेतलेली ८४ प्रॉडक्ट्स तपासली तेव्हा जेमतेम ३१ टक्क्यांचं लेबल बरोबर निघालं आणि १८ मध्ये टीएचसी सापडलं.

घ्यायची पद्धत: जिभेखाली धरा मिनिटभर, मग गिळा. रिकाम्या पोटी घेतलं तर फारच थोडं रक्तात पोचतं, तुपातेलाच्या जेवणाबरोबर ते साधारण चौपट होतं, म्हणून रोज एकाच वेळी, जेवणासोबतच घ्या, एक दिवस उपाशीपोटी आणि एक दिवस वरणभात-तुपावर असं केलंत तर डोस रोज वेगळाच पडणार. पाव ड्रॉपरवर आठवडाभर थांबा. ब्रिटनच्या फूड स्टँडर्ड्स एजन्सीने २०२३ मध्ये धडधाकट माणसाला दिवसाला १० मिलिग्रॅमच्या वर जाऊ नका असं सांगितलंय. गुंगी, जुलाब, भूक मंदावणं हे होऊ शकतं, तेव्हा पहिले काही दिवस गाडी चालवू नका. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बायकांनी घेऊच नये, लिव्हरचा त्रास असेल त्यांनी डॉक्टरला विचारल्याशिवाय नाही.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे चालू गोळ्या. लिव्हरमधली जी एन्झाइम्स इतर औषधं मोडतात तीच सीबीडी अडवतं, मग ती औषधं रक्तात साठत जातात. फिट्सची क्लोबाझाम, रक्त पातळ करणारी वॉरफरिन ही त्यातली. मावशीचं व्हॉल्वचं ऑपरेशन झालंय आणि ती रोज वॉरफरिन घेते, हे तिने मला शेवटी फोन ठेवता ठेवता सांगितलं!

आणि सुटकेसमध्ये टाकून कोणाकडे पाठवू नका. दुबई किंवा सिंगापूरला विमान बदलायचं असेल तर तिथे सीबीडीसुद्धा चालत नाही, पकडलं तर बाटली आणणारा अडकतो. भारतात अमली पदार्थांवरचा १९८५ चा एनडीपीएस कायदा आहे, पण गांजाच्या झाडाच्या पानांना त्यातून सूट असल्याने तिथे "विजया" नावाने आयुर्वेदिक औषधं मिळतात, तीही डॉक्टरच्या चिठ्ठीवर. गुडघ्याला चोळायचं मलम असेल तर ते बहुतेक कातडीतच राहतं, आतल्या सांध्यापर्यंत किती पोचेल शंकाच आहे.

मावशीला गरम पाण्याची पिशवी घ्यायला सांगितली, सांगलीतच मिळते. रुसलीये सध्या.