कल्चर ‘नो ग्रोथ’ आलं तर

आमच्या ह्यांचं पोटातलं डायलिसिस, म्हणजे सीएपीडी, मी डिचोलीला घरीच करते. पोटात बसवलेल्या नळीतून डायलिसिसचं पाणी आत सोडायचं, काही तासांनी ते बॅगेत बाहेर काढायचं. ड्रेन झालेली बॅग फेकण्याआधी कालनिर्णयवर धरायची. खालची बारीक तिथी आरपार वाचता आली तर ठीक. गेल्या वर्षी श्रावणात नाही आली.

रिपोर्टात पांढऱ्या पेशी शंभराच्या कितीतरी वर, कल्चर (प्लेटवर जंतू वाढवून बघायची तपासणी) मात्र ‘नो ग्रोथ’, म्हणजे काहीच उगवलं नाही. नेहमीची अँटिबायोटिक्स सुरू झाली, तरी पाचव्या दिवशीही बॅगेत पेजेसारखंच पाणी. त्याआधी पंधरा दिवस नळीच्या तोंडाशी मुगाएवढी गाठ होती. तिच्यातल्या पुवाला लॅबने ‘डिप्थेरॉइड्स, त्वचेवरचेच’ म्हणून सोडून दिलं होतं आणि मीही गप्प बसले. शेवटी निघाला टीबीच्या कुळातला एक जंतू, मायकोबॅक्टेरियम अ‍ॅब्सेसस.

म्हणून पाच दिवसांत पाणी नितळ झालं नाही तर डॉक्टरांना सरळ विचारा: एएफबी स्टेन (टीबीच्या कुळातले जंतू दाखवणारी रंगाची तपासणी) केला का? आणि कल्चरची प्लेट किती दिवस ठेवली? टीबीचा जंतू वाढायला कित्येक आठवडे घेतो. हा त्याचा घाईचा भाऊबंद साध्या प्लेटवरही आठवड्याभरात वर येतो. पण लॅबने दोन-तीन दिवसांतच प्लेट टाकली तर दिसणार कुठून? नळीच्या तोंडाचा ‘डिप्थेरॉइड्स’ रिपोर्टही गाठ बरी होत नसेल तर पुन्हा तपासायला लावा.

हा टीबी नव्हे. ताट-वाटी वेगळी करू नका (शेजारणीने सुचवलं होतं). टीबीच्या नेहमीच्या गोळ्या याला पुरत नाहीत, औषधं कल्चरवर तपासूनच ठरतात आणि महिनोन् महिने चालतात. नळी बहुतेक वेळा काढावीच लागते. आमची काढली, तेव्हा हिमोवर, म्हणजे मशीनने रक्त गाळायच्या डायलिसिसवर, जावं लागलं.

तिथेही हा जंतू सुटत नाही. १९८२ साली अमेरिकेत लुइझियानातल्या एका केंद्रात १४० रुग्णांपैकी २७ जणांना याच जातीच्या जंतूंनी गाठलं, कारण पुन्हा वापरायचे डायलायझर (रक्त गाळायच्या गाळण्या) नीट निर्जंतुक होत नव्हते. तुमचा डायलायझर परत वापरतात का, कशाने धुतात, हे विचारायला लाजू नका.

हा राहतो पाण्यात, मातीत, टाकीच्या बुळबुळीत थरात. क्लोरीनलाही पुरून उरतो. आमच्या भाणात विहिरीचं पाणी तापायचं आणि मी त्यातलंच कोमट पाणी घेऊन नळीचं तोंड पुसत असे. आता फक्त सलाइन, नवं गॉज, मग कोरडं. अंघोळीला वर चिकट ड्रेसिंग. फेब्रुवारीत नवी नळी बसली. यंदा विसर्जनाला हे नदीच्या काठावरच उभे राहिले, पाण्यात मुलगा उतरला.