अकँथअमीबा केरॅटायटिसचा प्रयोग: हॅमस्टर येण्याआधीची तयारी

अकँथअमीबा हा एकपेशी जीव कॉर्नियाला, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याला, संसर्ग करतो. तोच हा केरॅटायटिस. आधी प्राणी ठरवा. प्राणीगृहात उंदीर हाताशी आहेत म्हणून त्यांच्यावर काम सुरू करू नका. उंदराच्या किंवा सशाच्या कॉर्नियाला हा अमीबा नीट चिकटतच नाही. चिकटतो तो माणसाच्या, डुकराच्या आणि चायनीज हॅमस्टरच्या. डुक्कर निवडलंत तर प्रस्ताव थेट प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्राच्या समितीपर्यंत, सीसीएसईएपर्यंत जातो, हॅमस्टरचं संस्थेच्या समितीतच भागतं. फॉर्म बी, म्हणजे परवानगीचा अर्ज, भरताना प्रत्येक प्राण्याचा एकच डोळा वापरणार, हे स्पष्ट लिहा. वेदनाशामक कोणतं, किती, आणि कॉर्निया फाटायला आला तर प्राण्याला कधी शांतपणे मारायचं, हेही तिथेच ठरू दे. हा आजार माणसात भयंकर दुखतो, हॅमस्टरला कमी दुखत असेल असं धरून चालू नका.

मग कल्चर, म्हणजे प्रयोगशाळेत अमीबा वाढवणं. वर्षानुवर्षं बाटलीत वाढवलेला अमीबा मवाळ होतो, म्हणून रुग्णाकडून नुकताच मिळालेला किंवा कमी वेळा नव्या बाटलीत पुढे नेलेला स्ट्रेन (वाण) घ्या. अमीबा कॉन्टॅक्ट लेन्सवर सोडून ती लेन्स प्राण्याच्या डोळ्यावर बसवायची असते. त्यासाठी ट्रोफोझॉइट, म्हणजे अमीबाची हलती-खाती अवस्था, हवेत. कल्चरची प्लेट जुनी झाली की सिस्टच सिस्ट, म्हणजे भिंतीआड सुप्त झालेले अमीबा, मिळतात, तेव्हा सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनच मोजा. अमीबा लावलेली लेन्स बसवण्याआधी भूल देऊन कॉर्निया हलकासा खरवडावा लागतो. जखमेशिवाय संसर्ग धरत नाही. शेतात डोळ्यात माती किंवा कचरा गेल्यावर आपल्याकडच्या रुग्णांतही हीच वाट असते. नियंत्रण गटालाही तेवढंच खरवडून अमीबाविना लेन्स लावा, नाहीतर लाली कशाची हे कळणारच नाही. स्लिट लॅम्पवर (डोळा तपासायच्या सूक्ष्मदर्शकावर) आजाराला गुण देणाऱ्याला कोणता प्राणी कोणत्या गटातला हे सांगू नका. स्टिरॉइडचे थेंब मात्र कपाटातच राहू द्या, त्यांनी सिस्टमधून अमीबा बाहेर पडायला मदत होते आणि आजार चिघळतो. उपचाराचा गट असेल तर ०.०२ टक्के क्लोरहेक्सिडीन किंवा पीएचएमबी या जंतुनाशकाचं द्रावण ताजं बनवा.

तुम्ही स्वतः कॉन्टॅक्ट लेन्स वापरता? त्या दिवशी चष्मा घाला, वर गॉगल. टेबल अल्कोहोलने पुसून निश्चिंत होऊ नका, सिस्टची दुहेरी भिंत त्याला सहज दाद देत नाही. वापरलेल्या लेन्स, प्लेटी आणि पिंजऱ्यातला भुसा ऑटोक्लेव्हमधूनच, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक होऊनच, बाहेर जाईल, हे प्राणीगृहातल्या मदतनीसांना आधी समजावून सांगा आणि त्यांच्यासाठीही गॉगल मागवा.