डोळ्याचा तुकडा फीडरवर लावण्याआधी

बकऱ्याच्या डोळ्यातल्या मूळपेशी प्रयोगशाळेत वाढवायच्या, तर डोळ्याचा छोटा तुकडा फीडरवर, म्हणजे त्यांना आधार देणाऱ्या दुसऱ्या पेशींच्या थरावर, लावतात. त्यासाठी मटणाच्या दुकानात आदल्या संध्याकाळीच सांगून या. आपल्याकडं मुंडी भाजून देतात, आणि भाजलेला डोळा आपल्या काही कामाचा नाही. "भाजायच्या आधी डोळे काढून ठेवा," हे मामांना दोनदा सांगा, रविवारच्या गर्दीत राहून जातं. श्रावणात बकरी कमी कापतात, म्हणून दिवस त्यांच्या सोयीनं ठरवा. डबा बर्फात ठेवा, पण डोळा थेट बर्फाला टेकू देऊ नका. हातमोजे, ७० टक्के अल्कोहोल, निर्जंतुक कात्र्या हे सांगायला नकोच.

आता पेशी वाढवायची प्लेट घ्या आणि झाकणावर मार्करनं पहिल्या वेलवर, म्हणजे प्लेटमधल्या पहिल्या खळग्यावर, 'नुसते फीडर' लिहा. डोळ्याला हात लावायच्या आधी लिहा. गेल्या जुलैत मी ही वेल ठेवली नव्हती. आठव्या दिवशी प्रत्येक तुकड्याभोवती पेशींचं दाट कडं दिसलं. मी धावत सरांना बोलावलं. त्यांनी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं आणि एवढंच विचारलं, "नुसत्या फीडरची वेल कुठाय?" त्या पेशी तुकड्यातून आल्या, की फीडरचं विभाजन थांबवणाऱ्या मायटोमायसिन या औषधातून वाचलेले फीडरच वाढले, हे सांगायला माझ्याकडं काहीच नव्हतं. तीन आठवडे पाण्यात गेले. 'नुसता तुकडा' हीही वेल हवी, पण ती कुणी विसरत नाही.

फीडर म्हणजे उंदराच्या थ्रीटीथ्री पेशी. राइनवाल्ड आणि ग्रीन यांनी १९७५ मध्ये माणसाच्या त्वचेच्या पेशी यांच्यावरच वाढवून दाखवल्या. फीडरनी जगायचं, वाढीचे घटक सोडायचे, पण विभागायचं नाही. त्यासाठी मायटोमायसिन सी मिलिलिटरला १० मायक्रोग्रॅम, २ तास. ते विषारी आहे, उजेडानं बिघडतं, जपून हाताळा. मग पीबीएसनं, म्हणजे पेशी धुवायच्या खारट द्रावणानं, तीनदा धुवा. घाई केलीत तर उरलेलं औषध तुकड्यातल्या पेशींनाही थांबवतं. फीडर मोजून, दाट लावा, ते आता वाढणार नाहीत. त्याच बाटलीतले, त्याच दिवशी, तेवढेच फीडर 'नुसते फीडर'च्या वेलमध्येही. दुसऱ्या बॅचचे टाकले तर ती वेल असून नसल्यासारखी.

दुसऱ्या दिवशी डोळा. पारदर्शक भाग संपून पांढरा सुरू होतो तिथली कड म्हणजे लिंबस, बकऱ्यात बहुतेकदा तपकिरी असते. मूळपेशी तिथंच असतात, मधोमध कापू नका. पोव्हिडोन आयोडीन, मग अँटिबायोटिक आणि बुरशीरोधक घातलेल्या पीबीएसमध्ये धुणं. पावसाळ्यात इथल्या हवेत बुरशी फार, इन्क्युबेटरच्या ट्रेमधलं पाणीही बदला. तुकडे १ ते २ मिलिमीटरचे. माध्यम, म्हणजे पेशींचं पोषक द्रावण, तुकडा जेमतेम ओला राहील इतकंच, जास्त झालं की तुकडा तरंगतो आणि चिकटतच नाही. पहिले २४ तास प्लेट हलवायची नाही, बघायलासुद्धा नाही.

३७ अंश, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड. सिलिंडर भरलेला, यूपीएस चालू. दिवसाआड माध्यम बदला, फोटो काढा, आणि प्रत्येक वेळी नुसत्या फीडरच्या वेलचाही त्याच भिंगाखाली काढा. शेवटी केराटिनचं, म्हणजे तुकड्यातल्या पेशींची ओळख असलेल्या प्रथिनाचं, स्टेनिंग. तेही त्या वेलला करा.