घरच्या घरी बिअर : गॅस बंद केल्यानंतरचे काम

घरी बिअर करायला शिकणारा माणूस सुरुवातीला आपले सगळे लक्ष पातेल्याकडे लावतो. कोणते माल्ट घ्यायचे, हॉप्स किती घालायचे, उकळी किती मिनिटे ठेवायची, याची टिपणे तो काळजीपूर्वक काढतो आणि गॅस बंद झाला की अवघड काम संपले असे समजून सैलावतो. प्रत्यक्षात बिघडलेल्या बिअरचा माग काढत गेले, तर चूक बहुतेक वेळा गॅस बंद केल्यानंतरच्या कामात सापडते. म्हणून पहिल्या बॅचची कृती येथे मुद्दाम साधी ठेवली आहे आणि भर उकळीनंतर काय करायचे यावर दिला आहे.

त्याआधी एक व्यवहाराची गोष्ट. घरी बिअर करण्याविषयीचे कायदे देशोदेशी वेगळे आहेत. कोठे स्वतःपुरती बिअर करण्याची मुभा असते, कोठे परवाना लागतो, तर कोठे पूर्ण बंदी असते. आपल्या ठिकाणी काय लागू आहे ते पाहूनच सामान आणावे. शिवाय येथे जे सांगितले आहे ते केवळ आंबवण्याविषयी आहे. आंबवलेला द्रव तापवून त्यातले मद्य वेगळे काढणे हा वेगळाच आणि धोक्याचा प्रकार असून त्याचा या छंदाशी संबंध नाही.

बिअरचे मूळ घटक चारच : पाणी, माल्ट, हॉप्स आणि यीस्ट. बार्लीला मोड आणून ती वाळवली की माल्ट होते. भरडलेले माल्ट गरम पाण्यात भिजत ठेवले की त्यातलीच विकरे पिठूळ भागाची साखर करतात, आणि त्या गोड पाण्याला वर्ट म्हणतात. वर्ट हॉप्स या वेलीच्या कडवट, सुगंधी फुलांसह उकळायचा, थंड करायचा आणि यीस्टच्या हवाली करायचा. पहिल्या वेळी माल्ट भिजवण्याचा टप्पा गाळून तयार कोरडा माल्ट अर्क वापरावा, असे माझे स्पष्ट मत आहे. काही जण याला पळवाट म्हणतात. पण नवशिक्याला एका दिवसात ज्या पंधरा गोष्टी सांभाळाव्या लागतात त्यांतल्या पाच त्यामुळे कमी होतात आणि उरलेल्या दहा नीट होतात.

१० लिटरच्या बॅचसाठी १.२ किलो फिका कोरडा माल्ट अर्क, रंग आणि गोडी देणारे १५० ग्रॅम भरडलेले क्रिस्टल माल्ट, सुमारे ६ टक्के अल्फा आम्ले (कडवटपणा देणारी द्रव्ये) असलेले ३० ग्रॅम हॉप्स आणि एल प्रकारचे, म्हणजे खोलीच्या तापमानाच्या आसपास आंबवणारे, ५ ते ६ ग्रॅम कोरडे यीस्ट लागेल. यीस्टचे ११ ग्रॅमचे पाकीट साधारण २० लिटरसाठी असते, त्यामुळे अर्धे पुरते. भांड्यांमध्ये स्टेनलेस स्टीलचे २० लिटरचे पातेले, अन्नासाठी चालणाऱ्या प्लॅस्टिकची झाकणाची १५ लिटरची बादली, झाकणावर बसणारा, आतला वायू सोडणारा पण बाहेरची हवा आत न घेणारा एअरलॉक, थर्मामीटर, पाण्याच्या तुलनेत द्रवाची घनता दाखवणारा हायड्रोमीटर, ग्रॅममध्ये मोजणारा काटा आणि द्रव खेचण्यासाठी नळी एवढे बाटल्या भरण्याच्या टप्प्यापर्यंत पुरे. हायड्रोमीटर नंतर घेऊ, असे म्हणून तो टाळला जातो. तो टाळू नये.

पाण्याविषयी थोडक्यात. पिण्याजोगे पाणी बिअरला चालते, पण नळाच्या पाण्यातले क्लोरीन माल्टमधल्या घटकांशी जुळून औषधी, मलमपट्टीसारखा वास निर्माण करते. साधे क्लोरीन पाणी उकळल्याने निघून जाते; क्लोरामाइन तसे सहज जात नाही, त्यासाठी पोटॅशियम मेटाबायसल्फाइटची चिमूट पुरते.

प्रत्यक्ष कामाला १२.५ लिटर पाण्यापासून सुरुवात करावी. ते ६५ ते ७० अंश सेल्सियसपर्यंत तापले की क्रिस्टल माल्ट कापडी पुरचुंडीत बांधून अर्धा तास त्यात सोडावे, मग पुरचुंडी उचलून निथळू द्यावी. आता गॅस बंद करून माल्ट अर्क घालावा. आच चालू असताना घातला तर तो तळाशी बसून करपतो आणि तो करपट वास शेवटपर्यंत जात नाही. अर्क पूर्ण विरघळल्यावर पुन्हा आच लावावी आणि पातेल्यापासून हलू नये. उकळी फुटण्याच्या बेताला पृष्ठभागावर तपकिरी, दाट साय धरल्यासारखी दिसते, ती मिनिटभर तशीच असते, आणि मग एकाएकी सगळा फेस काठाकडे चढू लागतो. आच कमी करून चमच्याने फेस मोडला की दोन-तीन मिनिटांत तो बसतो. तो बसल्यावरच १५ ग्रॅम हॉप्स घालावेत आणि तेथून ६० मिनिटे मोजावीत. हॉप्समधल्या अल्फा आम्लांचे रूप दीर्घ उकळीत बदलते आणि त्यातून कडवटपणा येतो. सुगंधी तेले मात्र वाफेबरोबर उडून जातात. म्हणून उरलेले १५ ग्रॅम शेवटची दहा मिनिटे राहिल्यावर घालायचे. उकळताना झाकण पूर्ण लावू नये.

गॅस बंद झाला. इथून पुढे वर्ट म्हणजे साखरेचे कोमट होत जाणारे पाणी आहे आणि हवेतल्या, हाताच्या, भांड्याच्या प्रत्येक सूक्ष्म जिवाला ते हवे आहे. येथे दोन शब्दांची गल्लत होते. स्वच्छ करणे म्हणजे दिसणारा मळ काढणे. निर्जंतुक करणे म्हणजे न दिसणारे जंतू मारणे. मळावर निर्जंतुकाचा उपयोग होत नाही, म्हणून क्रम नेहमी आधी घासणे, मग निर्जंतुक करणे असाच ठेवावा. आयोडीनयुक्त किंवा फॉस्फरिक आम्लावर आधारित, नंतर धुवावे न लागणारे द्रावण सोयीचे पडते. त्याचे प्रमाण आणि वेळ लेबलवर दिलेली असते, ती अंदाजाने वाढवू-घटवू नये. बादली, झाकण, एअरलॉक, नळी, चमचा, यीस्टचे पाकीट फोडण्याची कात्री, असे थंड वर्टला स्पर्श करणारे सगळे त्यातून काढावे. बादली आतून काथ्याने किंवा तारेने कधीच घासू नये, कारण ओरखड्यांत जंतू दडतात आणि तेथे द्रावण पोचत नाही.

पातेले झाकून थंड पाण्याच्या टबात ठेवावे आणि पाणी तीन-चारदा बदलून शेवटी बर्फ घालावा. १० लिटर वर्ट अशा रीतीने पाऊण-एक तासात २० अंशांच्या आसपास येतो. हा वेळ वाचवण्यासाठी कोमट वर्टमध्ये यीस्ट टाकण्याचा मोह होतो आणि तोच नडतो. थंड झालेला वर्ट तळाचा गाळ पातेल्यातच ठेवून बादलीत उंचावरून, चांगला खळखळ आवाज करीत ओतावा. यीस्टला वाढताना पेशीभित्तीजवळची पटले बांधण्यासाठी प्राणवायू लागतो. बिअरमध्ये हवा मिसळायला परवानगी असलेली ही एकमेव वेळ. द्रव १० लिटरपेक्षा कमी भरला, तर उकळून थंड केलेले पाणी घालावे. मग हायड्रोमीटरने घनता मोजावी, ती १.०४७ च्या जवळपास यायला हवी. वर यीस्ट भुरभुरून झाकण लावावे.

यीस्टचे महत्त्व माणसाला फार उशिरा कळले. बव्हेरियातल्या १५१६ च्या प्रसिद्ध नियमात बिअरसाठी बार्ली, हॉप्स आणि पाणी एवढेच घटक सांगितले आहेत. यीस्टचे नावही नाही. ते जिवंत असून आंबवण्याचे काम तेच करते, हे लुई पाश्चर यांच्या काळात स्पष्ट झाले आणि १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल क्रिस्टियन हान्सेन यांनी एका पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवून दाखवले. आज पाकिटातून मिळणारी खात्री त्या कामातून आली आहे.

या यीस्टला सांभाळायचे म्हणजे मुख्यतः तापमान सांभाळायचे, आणि तेही पहिले तीन दिवस. एल यीस्टला साधारण १८ ते २२ अंश मानवतात. आंबताना वर्ट स्वतःही तापतो, त्यामुळे खोलीत २२ अंश असले तरी बादलीत २५ असू शकतात. थर्मामीटर भिंतीवर न टांगता बादलीच्या अंगाला चिकटवावा. तापमान फार चढले की यीस्ट जड अल्कोहोल तयार करते, आणि बिअरला रंगाच्या थिनरसारखा जळजळीत वास येतो, जो पुढे मुरवूनही फारसा जात नाही. बादली पाण्याने अर्ध्या भरलेल्या टबात उभी करून तिच्याभोवती ओले कापड गुंडाळावे आणि टबात गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या सकाळ-संध्याकाळ बदलाव्यात. एवढ्याने तीन-चार अंश सहज उतरतात. खोली तीस अंशांच्या खाली येतच नसेल, तर हट्ट न धरता क्वाइक जातीचे यीस्ट घ्यावे. नॉर्वेच्या शेतघरांत जपलेले हे यीस्ट ३० ते ४० अंशांतही स्वच्छ चवीची बिअर देते. लागर प्रकारच्या यीस्टला मात्र ८ ते १३ अंश हवे असतात, त्यामुळे स्वतंत्र फ्रिज नसेल तर त्या वाटेला जाऊ नये.

बारा ते चोवीस तासांत एअरलॉकमधून बुडबुडे येऊ लागतात, वर फेसाचा जाड थर चढतो आणि काही दिवसांनी तो बसून भिंतीवर तपकिरी कडे उरते. बुडबुडे थांबले म्हणजे बिअर झाली, हा समज सर्वांत महाग पडणारा आहे. झाकण सैल असेल तर काम जोरात चालू असतानाही बुडबुडे दिसत नाहीत, आणि काम संपल्यावरही हवा तापली की ते येत राहतात. खरे उत्तर हायड्रोमीटरच देतो. दहा दिवसांनी नमुना काढावा, नळकांड्यात हायड्रोमीटर बोटाने हलकेच फिरवावा म्हणजे त्याला चिकटलेले बुडबुडे सुटतात, आणि आकडा लिहून ठेवावा. तीन दिवसांनी पुन्हा तोच आकडा आला तरच आंबणे संपले. या कृतीत तो १.०१२ च्या आसपास असतो. सुरुवातीच्या आकड्यातून शेवटचा वजा करून १३१ ने गुणले की मद्याचे प्रमाण मिळते. येथे ते ४.६ टक्के येते. नमुना परत बादलीत ओतू नये, तो चाखावा. लोण्यासारखा किंवा कच्च्या सफरचंदासारखा वास आला, तर यीस्टचे आवरण्याचे काम बाकी आहे; आणखी चार-पाच दिवस थांबल्याने तो सहसा जातो.

बाटल्या भरताना नियम उलटा होतो : आता हवा अजिबात नको. हवा मिसळलेली बिअर काही आठवड्यांत ओल्या पुठ्ठ्यासारखी लागू लागते. बुडबुड्यांसाठी १० लिटरला ६५ ग्रॅम साखर काट्यावर मोजून, चमच्याने नव्हे, १५० मिलिलिटर पाण्यात उकळावी आणि निर्जंतुक केलेल्या दुसऱ्या बादलीत ओतावी. त्यावर नळीने बिअर शांतपणे सोडावी. नळीचे टोक तळाशी टेकलेले असावे आणि साका पहिल्या बादलीतच राहावा. नळीत प्रवाह सुरू करण्यासाठी तोंडाने ओढू नये. बाटल्या जाड काचेच्या आणि तपकिरी घ्याव्यात, कारण उजेडात हॉप्सची कडू द्रव्ये फुटून उग्र, दुर्गंधी गंधकयुक्त संयुग तयार होते. वर दोन-तीन सेंटिमीटर जागा सोडून बूच दाबावे. एक बाटली सोडापाण्याच्या प्लॅस्टिकची भरावी. ती दाबून पाहिली की आत दाब किती झाला ते कळते. आंबणे अपुरे असताना भरलेली किंवा दुप्पट साखर पडलेली काचेची बाटली फुटते आणि तुकडे लांबवर उडतात, म्हणून सगळ्या बाटल्या झाकणाच्या खोक्यात ठेवाव्यात. २० अंशांच्या आसपास दोन आठवडे, मग फ्रिजमध्ये दोन दिवस.

पुढच्या बॅचला धान्यापासून सुरुवात करता येईल. २.३ किलो भरडलेले माल्ट मोठ्या जाळीदार पिशवीत घालून ७० अंशांच्या १५ लिटर पाण्यात सोडले की तापमान ६७ च्या जवळ स्थिरावते. पातेले जाड कापडात गुंडाळून ते तासभर टिकवायचे, मग पिशवी उचलून निथळवायची आणि पुढे सगळे वरच्याप्रमाणे. ६४-६५ अंशांना यीस्टला पचणारी साखर अधिक तयार होते आणि बिअर कोरडी होते. ७० च्या पुढे न पचणारी साखर वाढते आणि बिअर जड, गोडसर राहते. माझी अशी पहिलीच बॅच १.०२१ वर अडकली. मी यीस्टला दोष दिला, दुसरे पाकीट घातले, बादली उबेला ठेवली, तरी आकडा हलला नाही. महिन्याभराने थर्मामीटर चुरलेल्या बर्फाच्या पाण्यात बुडवला, तेव्हा तो शून्याखाली चार अंश दाखवीत होता. म्हणजे मी ६७ समजून माल्ट ७१ अंशांत भिजवले होते. तेव्हापासून प्रत्येक बॅचच्या सकाळी थर्मामीटर आधी बर्फात जातो.

ओतताना ग्लास तिरपा धरून एकाच दमात ओतावे आणि बाटलीच्या तळाशी बसलेला यीस्टचा साका हलू लागला की थांबावे; तो शेवटचा घोट बाटलीतच राहू द्यावा. रिकामी बाटली त्याच वेळी पाण्याने तीनदा खळखळून उपडी घालावी. रात्रभर ठेवल्यास तो थर काचेवर वाळतो, आणि मग लांब दांड्याच्या ब्रशनेही सहज निघत नाही.